ताबा, गणती आणि व्यत्यय

‘नियंत्रण’ ह्या शब्दाच्या पोटात ‘यंत्र’ आहे. आणि ‘यंत्र’ ज्या ‘यम्’ धातूपासून सिद्ध होतो त्याच धातूपासून ‘संयम’ आणि ‘नियम’ हेही शब्द सिद्ध होतात. आवरणारे साधन आणि आवरलेले मन ह्या दोन्ही कल्पना एकाच मुळातून निघाव्यात, ही गोष्ट केवळ व्युत्पत्तीचा चमत्कार म्हणून सोडून देण्यासारखी नाही. मराठीत ह्या संस्कृत कुळाच्या शेजारी अरबीतून आलेला ‘ताबा’ हा शब्द नांदतो आणि तो अगदी निराळ्या स्वभावाचा आहे. ताबा घेतला जातो, दिला जातो, कज्जा जिंकून मिळवला जातो. त्याला नेहमी कोणी दुसरा लागतो. संयम एकट्यालाही पाळता येतो. दुसऱ्यावर हुकमत गाजवणे आणि स्वतःला आवरणे ह्या दोन क्रियांमध्ये नेमके नाते काय, आणि पहिली दुसरीशिवाय शक्य आहे काय, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ह्या प्रश्नाला एका अनपेक्षित ठिकाणाहून नवे द्रव्य पुरवले जात आहे. ते ठिकाण म्हणजे अतिशीत अणूंची प्रयोगशाळा.

ह्या प्रयोगशाळांचा आवडता धातू रुबिडियम. तो ३९.३ अंश सेल्सियसला वितळतो. म्हणजे बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडला मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी, बंद काचनळीत सावलीला ठेवलेला रुबिडियम आपला आपणच पातळ होऊन तळाशी बसेल. त्यासाठी कोणी काही करण्याची आवश्यकता नाही. उलट दिशेचा प्रवास मात्र फार खटाटोपाचा आहे. ५ जून १९९५ रोजी अमेरिकेतील बोल्डर येथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन ह्यांनी रुबिडियमचे सुमारे दोन हजार अणू केवल शून्याच्या वर एका अंशाच्या १७० अब्जांशांपर्यंत थंड केले आणि बोस–आइनस्टाइन संघनित म्हणून जी अवस्था सत्तर वर्षे केवळ कागदावर होती ती प्रत्यक्षात आणली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सी. एस. उन्नीकृष्णन ह्यांच्या गटाने प्रकाशाच्या सापळ्यात रुबिडियमचे अणू ह्या पुंजावस्थेपर्यंत नेल्याचे वृत्त २००७ मध्ये प्रसिद्ध केले. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत उमाकांत रापोल ह्यांच्या प्रयोगशाळेत ह्याच जातीचे प्रयोग चालतात. त्यांतल्या एकाकडे पुढे वळावयाचे आहे. विषय परदेशी राहिलेला नाही, एवढे येथे नोंदवणे पुरे.

सामान्य तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे तीनशे मीटर वेगाने धावत असतो. त्याला थांबवण्यासाठी वापरला जाणारा पदार्थ म्हणजे प्रकाश, आणि प्रकाशाचा एक कण आदळला तर अणूचा वेग सेकंदाला जेमतेम सहा मिलिमीटरने घटतो. एक अणू थांबवायला अशा पन्नास हजारांच्या आसपास टकरा लागतात. ह्यात बळाचा भाग थोडा आणि निवडीचा मोठा आहे. लेसरची वारंवारता अणूला जी प्रिय असते तिच्याहून मुद्दाम किंचित कमी ठेवलेली असते. प्रकाशाच्या दिशेने धावत येणाऱ्या अणूला डॉप्लर परिणामामुळे ती नेमकी पसंतीची भासते आणि तो ती शोषतो. प्रकाशाकडे पाठ करून जाणाऱ्याला ती आणखीच परकी होते आणि तो तिला बहुतांशी सोडून देतो. थोडक्यात, जो अणू चाल करून येतो त्यालाच प्रकाश अडवतो. ही कल्पना हेन्श आणि शॉलो ह्यांनी १९७५ मध्ये मांडली आणि १९८५ मध्ये स्टीव्हन चू ह्यांच्या गटाने ती प्रत्यक्षात आणली. प्रयोगकर्त्याला अणूला हात लावावा लागत नाही. त्याला आपला लेसर, आपले आरसे, आपले निर्वात पात्र आणि आपले घड्याळ ह्यांच्यावर विलक्षण कडक नजर ठेवावी लागते. टेबल हलता कामा नये, खोलीचे तापमान बदलता कामा नये, लेसरची वारंवारता सरकता कामा नये. अणूवरचा ताबा म्हणून ज्याचे वर्णन होते तो प्रत्यक्षात परिसराचा आणि स्वतःच्या साधनांचा संयम असतो. ‘यम्’ धातूची दोन अपत्ये येथे पुन्हा एका घरात राहायला येतात.

शेवटची पायरी तर अधिकच अर्थपूर्ण आहे. लेसरने काही लक्षांश अंशांपर्यंत पोचता येते. त्याच्या खाली जाण्यासाठी सापळ्याची कड हळूहळू उतरवली जाते. ज्या अणूंजवळ सर्वांत जास्त ऊर्जा असते ते कडेवरून निसटतात, उरलेले परस्परांवर आदळून नव्याने ऊर्जा वाटून घेतात आणि समुदाय म्हणून अधिक थंड होतात. चहाच्या बशीवर फुंकर घालणाऱ्याला हे तत्त्व नवे नाही. मात्र येथे त्याची किंमत मोठी असते. आरंभी सापळ्यात असलेल्या अणूंपैकी बहुसंख्य अणू गमावल्यावर मूठभर अणू संघनित होतात. पुढे ते पाहायचे तर त्यांच्यावर प्रकाश टाकून त्यांची छाया टिपावी लागते, आणि रूढ पद्धतीत त्या प्रकाशाने तो मेघच नाहीसा होतो. पाहणे हेच संपवणे ठरते. मग पुन्हा पहिल्यापासून: नवी वाफ, नवा मेघ, नवे छायाचित्र. एका निष्कर्षामागे असे शेकडो मेघ खर्ची पडतात, आणि ह्याबद्दल कोणाच्याही मनाला टोचणी लागत नाही.

ती लागू नये हेच योग्य आहे. परंतु का लागू नये, ह्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. ‘अणूला वेदना नसते’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. अणू खर्ची घालता येतो ह्याचे दुसरे कारण असे, की पुढचा अणू मागच्या अणूसारखाच असतो. सारखा म्हणजे जवळजवळ सारखा नव्हे, तत्त्वतः अभिन्न. ह्या अभिन्नतेचा शोध गणतीच्या पद्धतीतून लागला, आणि तो लावणारे सत्येंद्रनाथ बोस १९२४ मध्ये ढाक्याच्या विद्यापीठात शिकवत होते. दोन कण आणि दोन कप्पे घ्यावेत. कणांना ‘हा’ आणि ‘तो’ अशी ओळख असेल तर मांडणीचे चार प्रकार होतात: दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे, ‘हा’ डावीकडे व ‘तो’ उजवीकडे, आणि त्याच्या उलट. बोसांच्या गणतीत शेवटचे दोन प्रकार एकच ठरतात, कारण अदलाबदल झाली असे म्हणायला कोणताही आधारच नाही. चाराचे तीन झाले. परिणामी दोन्ही कण एकाच कप्प्यात सापडण्याची शक्यता निम्म्यावरून दोन-तृतीयांशावर जाते. कोणतेही आकर्षणबल न कल्पिता, केवळ नाव पुसल्याने, एकत्र येण्याचा कल वाढला. आइनस्टाइन ह्यांनी ह्या लेखाचे स्वतः जर्मन भाषांतर करून तो छापवला, हीच गणती प्रकाशकणांवरून अणूंना लावली आणि अतिशीत अवस्थेत अणू एकाच स्थितीत गोळा होतील असे भाकीत केले. सत्तर वर्षांनी बोल्डरला दिसले ते हे.

गणती ही निरुपद्रवी, यांत्रिक क्रिया आहे असा एक समज आहे. बोसांच्या चार-तीनच्या हिशेबाने तो समज भौतिकीत मोडीत काढला: काय मोजायचे ह्याच्या आधी कोणाला वेगळे मानायचे हे ठरते, आणि त्या निर्णयावर विश्वाचे वर्तन कळणे अथवा न कळणे अवलंबून असते. मानवी व्यवहारात हाच निर्णय नैतिक होतो, आणि त्यासाठी दिंद्रुडच्या परिसराहून अधिक बोलके उदाहरण शोधावे लागू नये. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास फार मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ह्या व्यवहाराची भाषा ठरलेली आहे. मुकादम कारखान्यासाठी माणसे जमवतो आणि हंगामापूर्वी आगाऊ रक्कम देतो. तिला ‘उचल’ म्हणतात. उचल माणशी दिली जात नाही. ती ‘कोयत्या’ला दिली जाते. एक कोयता म्हणजे एक जोडपे. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून नेते, आणि दोघे मिळून हिशेबात एक हत्यार होतात. जो एकटा येतो तो ‘अर्धा कोयता’.

येथे दोघांचे एक झाले आहे, आणि वरवर पाहता ही बोसांच्या गणतीची बहीण वाटते. दोन्हीकडे ओळख पुसली जाते, दोन्हीकडे हिशेब सोपा होतो, दोन्हीकडे समुदायावर हुकमत चालवणे सुकर होते. फरक असा, की बोसांनी जी ओळख पुसली ती मुळात नव्हतीच. निसर्गात ‘हा’ रुबिडियम आणि ‘तो’ रुबिडियम असा भेद नाही. जुनी गणती तो भेद उगाच गृहीत धरत होती आणि म्हणून चुकत होती. नव्या गणतीने निसर्गाविषयी अधिक सत्य सांगितले. कोयत्याच्या गणतीत मात्र ओळख आहे, आणि ती मोजायची नाही असे ठरवलेले आहे. एक गणती ओळख नसल्याची कबुली देते, दुसरी असलेली ओळख वहीबाहेर ठेवते. पहिलीत चाराचे तीन होताना कोणाचे काही गेले नाही. दुसरीत दोनाचे एक होताना बाईचे श्रम वेगळे मोजले गेले नाहीत, तिची मजुरी वेगळी झाली नाही आणि उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडली. अभिन्नता ही एकीकडे शोधून काढलेली वस्तुस्थिती आहे, दुसरीकडे लादलेली सोय. दोन्हींना एकच शब्द वापरला, की सोयीला वस्तुस्थितीचा मान आयताच मिळतो.

इयन हॅकिंग ह्यांनी १९८३ मध्ये असे प्रतिपादन केले होते, की ज्या वस्तूचा वापर करून जगात दुसरे काही घडवता येते ती वस्तू खरी मानावी. इलेक्ट्रॉन दिसत नसला तरी तो हत्यारासारखा वापरता येतो, म्हणून त्याच्या अस्तित्वाविषयी शंका घेणे व्यर्थ. अणूंच्या बाबतीत ही भूमिका पटण्यासारखी आहे. परंतु वापरता येणे हेच अस्तित्वाचे प्रमाणपत्र ठरवणारी मीमांसा प्रयोगशाळेच्या दाराबाहेर आली, तर तिचे काय होते हे ‘कोयता’ ह्या शब्दाने फार पूर्वीच दाखवून ठेवले आहे: माणूस हत्यार म्हणून वहीत खरा ठरतो आणि माणूस म्हणून नोंदवायचा राहतो. व्यक्तीला केवळ साधन मानू नये, हा कांटचा दंडक मराठी सौंदर्यमीमांसेच्या अभ्यासकांना परिचित आहे. तो दंडक ज्या ‘केवळ’वर उभा आहे त्या ‘केवळ’चा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर अणूकडे पाहावे. अणू केवळ साधन असू शकतो, निःशेषपणे, कोणताही उरलासुरला भाग न ठेवता. माणसाच्या बाबतीत ते शक्यच नाही, कितीही प्रयत्न केला तरी काही उरतेच; म्हणून तर तसा प्रयत्न करणे हा अन्याय ठरतो.

ह्या टप्प्यावर एक मोह टाळणे अवघड असते. कडेवरून सर्वांत ऊर्जावान अणू निसटतात आणि मागे उरलेला समुदाय थंड पडतो, हे वाचल्यावर ज्या गावांतून धडपडी माणसे पुण्या-मुंबईला आणि कारखान्यांच्या फडांवर निघून जातात त्या गावांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहणारच. ‘गावाचे बाष्पीभवन’ हे रूपक तयारच आहे. एखाद्या चर्चासत्रात ते टाळीही घेईल. पण ते खोटे आहे. निसटणारा अणू परत येत नाही, ऊसतोडीला गेलेले कुटुंब परत येते. अणू स्वतःच्या ऊर्जेने कड ओलांडतो, कुटुंब उचलीच्या कर्जाने ओढले जाते. मागे उरलेले थंड झाले असे म्हणणे तर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचा आणि मुलांचा उपमर्द आहे. विज्ञानातून शब्द उचलून समाजावर चिकटवण्याच्या ह्या सवयीची शोभा ॲलन सोकल ह्या भौतिकीच्या प्राध्यापकाने १९९६ मध्ये चांगलीच केली होती: पुंजगुरुत्वाकर्षणाविषयीचा एक मुद्दाम निरर्थक लेख त्याने सांस्कृतिक अभ्यासाच्या एका प्रतिष्ठित अमेरिकन नियतकालिकात छापवून आणला आणि नंतर ते उघड केले. त्या प्रकरणातून बहुतेकांनी ‘विज्ञानाची भाषा साहित्यिकांनी वापरू नये’ असा बोध घेतला. तो घाईचा होता. प्रश्न भाषा वापरण्याचा नसून ती कोणत्या अलंकारात वापरायची ह्याचा आहे.

रूपकात उपमेय आणि उपमान ह्यांच्यातील भेद मिटवला जातो. भारतीय अलंकारशास्त्राने त्याच्याच शेजारी व्यतिरेक नावाचा अलंकार ठेवला आहे. त्यात तुलना पूर्ण केली जाते ती उपमेय उपमानाहून वेगळे, अधिक असल्याचे दाखवण्यासाठीच. साम्य जितके जवळचे, तितका उरलेला भेद ठळक. समीक्षेला भौतिकीकडून काही घ्यायचे असेल तर ते व्यतिरेकाच्या रीतीने घेता येईल. अणू आणि कोयता ह्यांना शेजारी ठेवण्याने कोयता अणूसारखा आहे हे सिद्ध होत नाही. नेमका कोठे नाही, हे दिसू लागते. एरवी ‘शोषण’ ह्या सर्वसमावेशक, आणि म्हणून बोथट झालेल्या शब्दाखाली जे सरसकट झाकले जाते, त्यातला गणतीचा भाग ह्या तुलनेने सुटा होतो.

समीक्षेच्या स्वतःच्या इतिहासातही निर्वात पात्राचा प्रयोग झालेला आहे. बा. सी. मर्ढेकर ह्यांनी सौंदर्यानुभवाला लौकिक भावनांपासून वेगळे काढून संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांत त्याचे सार शोधले. नवसमीक्षेने संहितेला लेखकाच्या चरित्रापासून आणि वाचकाच्या प्रतिक्रियेपासून तोडून तपासले. रा. भा. पाटणकर ह्यांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ ह्या ग्रंथाने १९७४ मध्ये अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद ह्या दोन ध्रुवांमधला ताण मांडला तो ह्याच पार्श्वभूमीवर. पुढच्या दशकांत लंबक दुसरीकडे गेला. पात्राचे दार उघडले गेले आणि जात, वर्ग, लिंग, प्रदेश, इतिहास सगळे एकदम आत आले. त्याची निकड होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही दोन्ही पक्षांकडून एक काम राहून गेले. आधी बाहेरचे जग शून्य धरले गेले, नंतर सर्वस्व. ते संहितेत किती, कोणत्या वाटेने आणि कोणत्या क्रमाने शिरते, हे मोजून पाहण्याची तसदी फारशी घेतली गेली नाही.

बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईला, सोळाव्या-सतराव्या शतकांत होऊन गेलेल्या दासोपंतांनी चाळीस फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले. ती पासोडी प्रसिद्ध आहे. पंचीकरणाच्या वेदान्तातील सिद्धान्ताप्रमाणे इंद्रियांना जाणवणारे कोणतेही भूत शुद्ध नसते: त्यात निम्मा अंश स्वतःचा आणि उरलेल्या निम्म्यात इतर चारांचा प्रत्येकी एक-अष्टमांश. पृथ्वीत जल आहे, तेजात वायू आहे. त्याला भौतिकी म्हणण्याची चूक कोणी करू नये. परंतु मिश्रणाचे प्रमाण सांगितल्याखेरीज वस्तू सांगितली असे होत नाही, हा त्यामागचा हट्ट समीक्षेने उसना घेण्यासारखा आहे.

पुण्यातला उल्लेखिलेला प्रयोग ह्याच हट्टाचा आधुनिक नमुना म्हणता येईल. उमाकांत रापोल, एम. एस. संथानम आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. अतिशीत अणूंना प्रकाशाच्या स्थिर लहरीचे अल्पकालिक ठोके ठरावीक अंतराने द्यायचे, आणि त्यांची ऊर्जा कशी वाढते हे पाहायचे. अभिजात यामिकीप्रमाणे, ठोके पुरेसे जोरदार असतील तर अणूची गती बेभरवशाची होते आणि सरासरी ऊर्जा ठोक्यागणिक वाढत जाते. पुंजयामिकीत तसे होत नाही. काही ठोक्यांनंतर वाढ थांबते. ठोके पडत राहतात आणि ऊर्जा तेथेच राहते, कारण अणूच्या तरंगाचे निरनिराळे मार्ग परस्परांत मिसळून एकमेकांना छेद देतात. हे टिकते ते ठोक्यांची लय अभंग राहिली तरच. क्रमात गोंगाट मिसळला, की मार्गांमधली ही जुळणी, जिला सुसंगती म्हणतात, विस्कटू लागते आणि ऊर्जा पुन्हा वाढू लागते. सुसंगती सामान्यतः घातांकी वेगाने, म्हणजे झपाट्याने, नष्ट होते. पुण्याच्या प्रयोगात ठोक्यांच्या क्रमात लेवी वितरणानुसार गोंगाट मिसळला गेला; ह्या वितरणात दोन व्यत्ययांमधले अंतर कधी अगदी थोडे, तर कधी कल्पनेपलीकडे लांब असू शकते. तेव्हा असे आढळले, की सुसंगती घातांकी वेगापेक्षा सावकाश क्षीण होते, आणि ती किती सावकाश क्षीण व्हावी हे वितरणाचा घातांक बदलून ठरवता येते.

लयीच्या उपासकांना ह्यात स्वारस्य वाटेल. परंतु ‘नियंत्रण’ ह्या संकल्पनेचे येथे काय झाले, हे अधिक महत्त्वाचे आहे. ज्या व्यत्ययाला बाहेर ठेवण्यासाठी निर्वात पात्र, स्थिर टेबल आणि तापमानाचा बंदोबस्त होता, तोच व्यत्यय मुद्दाम, मोजून, आत आणला गेला. नियंत्रणाची परिपक्व अवस्था व्यत्ययाला शत्रू मानत नाही, त्याला राशी म्हणून मान्यता देते. विस्कटणे कसे घडते हे कळावे म्हणून वस्तूला विस्कटू देते. येथेही एक सुलभ रूपक वाट अडवते: ठोके सोसूनही न बदलणारा अणू ‘सोशिक’ म्हणावासा वाटतो, आणि तेथून मराठवाड्याच्या सोशिकतेपर्यंतची उडी लहान आहे. अणू सोसत नाही. त्याची ऊर्जा वाढत नाही एवढेच. सोशिकता हा शब्द ज्याला सोसणे नाकारता आले असते त्याच्यापुरता राखून ठेवला पाहिजे.

ऊसतोडीच्या हंगामालाही ठोक्यांची लय आहे. कारखान्याचे गाळप थांबता कामा नये म्हणून तोड थांबता कामा नये. ह्या क्रमातला व्यत्यय म्हणजे कामावर न येण्याचा दिवस. त्याला ‘खाडा’ म्हणतात आणि खाड्याला दंड बसतो. दुखणे, बाळंतपण, मासिक पाळी ही सारी खाड्याची कारणे आहेत, आणि त्यांतली शेवटची दोन फक्त बाईच्या वाट्याला येतात. कोयता एकच मोजल्यामुळे खाडा तिचा असला तरी दंड दोघांचा होतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ मध्ये ओरड झाली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय मागील दहा वर्षांत काढले गेल्याचे आढळले. ह्या शस्त्रक्रियांमागे एकच कारण नव्हते. अस्वच्छतेतून येणारे आजार होते, कर्करोगाची भीती होती, खाजगी रुग्णालयांचा व्यवहार होता, आणि खाडा टाळण्याची निकडही होती. ह्या शेवटच्या कारणापुरते बोलायचे तर नियंत्रणाचा क्रम येथे पूर्ण उलटा झालेला दिसतो. प्रयोगशाळेत व्यत्यय समजून घेण्यासाठी लय बदलली जाते. फडावर लय तशीच राहावी म्हणून व्यत्ययाचे उगमस्थानच शरीरातून काढून टाकले जाते, आणि ते काढण्याचा निर्णय कागदोपत्री त्या बाईचाच असतो. ताबा आणि संयम ह्यांतला भेद येथे पुसट होतो तो अत्यंत भयावह अर्थाने: दुसऱ्याच्या ताब्याने तिच्या संयमाचे रूप घेतलेले असते.

ह्या स्त्रियांविषयी कथा, कविता, आत्मकथने लिहिली जातात आणि पुढेही लिहिली जातील, तेव्हा समीक्षेला गणतीचा प्रश्न टाळता येणार नाही. ‘ऊसतोड कामगार स्त्रीच्या वेदनेचे प्रातिनिधिक चित्रण’ हे वाक्य विद्यापीठीय लेखनात सहज येऊन जाते. प्रातिनिधिक म्हणजे एकीऐवजी दुसरी ठेवली तरी चित्र बदलू नये असे. अशी अदलाबदल बोसांना करता आली, कारण त्यांच्या कणांना नावे नव्हती. संहितेतल्या स्त्रीच्या बाबतीत ती करण्यापूर्वी निदान एवढे तपासावे लागते, की तिचे नाव लेखनात आहे की नाही, ती कोणत्या हंगामात पहिल्यांदा फडावर गेली, उचल कोणाच्या हाती पडली, खाडा कितीदा झाला आणि त्याविषयी ती कोणत्या शब्दांत बोलते. ह्यांतले काही संहितेत नसेल तर ते नसणे हीसुद्धा नोंद होय. पुण्याच्या प्रयोगशाळेतली मांडणी बिघडली आणि एखादा मेघ वाया गेला, तर तो का गेला ह्याचा शोध घेतला जातो, आणि रुबिडियमची पुढची वाफ भरताना तो हिशेबात धरला जातो. मुकादमाच्या वहीत दिंद्रुडकडच्या एखाद्या जोडप्यापुढे उचलीची रक्कम असते, एक कोयता असतो आणि बहुधा नवऱ्याचे नाव असते.